अब्बांच्या नावावरची पुस्तके

नोंदवहीवर विश्वास ठेवायचा झाला, तर १९७०च्या दशकात माझे अब्बा आमच्या गावातले सर्वांत मोठे कादंबरीवाचक होते. आठवड्याला दोन पुस्तके, वर्षाला शंभर. भंडारा जिल्ह्यातले, वैनगंगेच्या खोऱ्यातले आमचे गाव. तिथले वाचनालय म्हणजे दोन खोल्या, चार लोखंडी कपाटे, एक लांब टेबल आणि बाहेरच्या ओट्यावर वर्तमानपत्रे वाचत बसलेली मंडळी. ग्रंथपालांच्या पुढ्यात जाड नोंदवही असे. तीत सभासदाचे नाव, पुस्तकाचे नाव, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. त्या नोंदवहीत पानोपानी अब्बांचे नाव होते.

प्रत्यक्षात अब्बा राइस मिलमध्ये मुनीम होते. धानाच्या पोत्यांचा हिशेब आणि अधूनमधून वर्तमानपत्र सोडले तर त्यांनी काही वाचल्याचे मला आठवत नाही. कादंबऱ्या वाचायची ती अम्मी, आणि तिच्यानंतर मोहल्ल्यातल्या आणखी तिघी-चौघी. पुस्तकांची ने-आण करणारा मी.

अम्मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. घरात बोली आमची हिंदुस्थानी, कुरआन नाजरा पढलेला, पण गोष्टीचे पुस्तक वाचायचे तर मराठीच. ती वाचनालयात कधी गेली नाही. तिला कुणी मनाई केली होती असेही नाही. गोष्ट मनाईपर्यंत पोहोचलीच नव्हती. ओट्यावर पुरुष बसलेले, टेबलाभोवती पुरुष, कार्यकारिणीच्या फळ्यावर सगळी नावे पुरुषांची. तिथे आपण जायचे असते हे तिच्याही मनात आले नाही आणि आमच्याही. ती मला सांगायची, "मागच्या वेळेसारखंच आण." मी नऊ-दहा वर्षांचा. मुखपृष्ठ बघून उचलायचो. घरी आणल्यावर ती शेवटचे पान उघडायची. तिथे पेन्सिलीचा बारीक ठिपका असला की हसून म्हणायची, "हे झालंय रे, बदलून आण." वाचून झालेल्या पुस्तकावर तो ठिपका तिनेच केलेला असे.

या लेखाचा विषय ग्रंथालये आणि स्त्री-पुरुष समता हा आहे. विषय मोठा वाटतो; परंतु माझ्यापुरता तो या नोंदवहीपाशी सुरू होतो. पुस्तके आमच्या घरी येत होती. वाचणारी स्त्री होती. मग विषमता कुठे होती? ती कार्डावरच्या नावात होती आणि निवडीच्या हक्कात होती. अम्मीला मिळायचे ते दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्याच्या नावावर आणि दुसऱ्याच्या पसंतीने. अशा वाटेने कादंबरी येऊ शकते. जी माहिती हातात आली तर बाईचे आयुष्य बदलेल, ती या वाटेने येत नाही. कारण ती मागायला दहा वर्षांच्या मुलाला पाठवता येत नाही.

पहिली जतनकर्ती

आपल्या समाजात या विषयावर बोलताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. 'इक्रा', म्हणजे 'वाच', या पहिल्या आदेशाचा दाखला प्रत्येक शैक्षणिक सभेत दिला जातो. पण ज्या ग्रंथात तो आदेश आहे, त्या ग्रंथाची संकलित प्रत कुणी सांभाळली, हे फार थोडे वक्ते सांगतात.

हजरत मुहम्मद (स.) यांच्या पश्चात हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या काळात जैद बिन साबित यांनी कुरआनचे लिखित भाग एकत्र केले. ती पाने आधी खलिफांकडे राहिली. हजरत उमर (रजि.) यांच्या शहादतीनंतर, इसवी सन ६४४ नंतर, ती त्यांच्या कन्या आणि पैगंबरांच्या पत्नी हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे आली. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी अधिकृत प्रती तयार करायचे ठरवले, तेव्हा त्यांनी हफ्सांकडे निरोप पाठवून ती पाने मागवली, नकला झाल्यावर त्यांना परत केली. आजच्या भाषेत सांगायचे तर खलिफाने पुस्तक नेले आणि ते ज्यांच्याकडून नेले त्यांना परत केले. जतन करणारी स्त्री होती, मागणारा राज्यकर्ता होता.

हफ्सांना लिहिणे शिकवले ते शिफा बिन्ते अब्दुल्लाह या दुसऱ्या स्त्रीने. इस्लामच्या उदयकाळी कुरैशमध्ये लिहिता येणारे पुरुष सतराच होते, असे नवव्या शतकातला इतिहासकार बलाजुरी नोंदवतो, आणि त्याच ठिकाणी लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रियांचीही नावे देतो. त्यांत शिफा आणि हफ्सा आहेत. म्हणजे जिथे साक्षर माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती, तिथेही स्त्रियांची नावे यादीत आली. मोरोक्कोतल्या फेस शहरातल्या करवियीन मशिदीची स्थापना इसवी सन ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी हिने केली, असे परंपरा सांगते. त्या मशिदीभोवती विद्यापीठ आणि ग्रंथालय वाढले, आणि २०१६च्या सुमारास त्या ग्रंथालयाचा जीर्णोद्धार पूर्ण झाला तोही अजीजा शावनी या स्त्री वास्तुविशारदाच्या हातून.

हे दाखले छाती फुगवण्यासाठी दिलेले नाहीत. 'बाईचा आणि किताबघराचा काय संबंध?' असा प्रश्न धर्माच्या नावाने विचारला जातो, तेव्हा त्याला इतिहासात आधार नाही, एवढेच सांगायचे आहे. संबंध होता. तो पुढच्या शतकांत तुटला, आणि तुटला तो रिवाजाने.

१८४८ : दोन दारे

आपल्या महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालये इंग्रजी अमलात सुरू झाली. रत्नागिरीचे वाचनालय १८२८चे. पुण्याचे नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, १८४८चे. त्याच १८४८ साली त्याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. एकाच वर्षी एकाच शहरात दोन दारे उघडली. एका दारातून सरदार, अधिकारी आणि नवशिक्षित पुरुष वर्तमानपत्रे वाचायला आत गेले. दुसऱ्या दारातून मुली अक्षरे गिरवायला गेल्या आणि वाटेत त्यांच्या शिक्षिकेच्या अंगावर चिखल-शेण फेकले गेले. जिला अक्षर आले तिला पुढे वाचायला कुठे जायचे, याचे उत्तर पहिल्या दारापाशी नव्हते.

या शाळांच्या कामात फातिमा शेख होत्या. त्यांच्याविषयी अलीकडे वाद झाले. त्या होत्याच कशावरून, असेही विचारले गेले. पण सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे, आणि तो शाळेच्या कामाचा भार वाहणारी सहकारी म्हणूनच आहे. एका पत्रातल्या ओझरत्या उल्लेखावर एका बाईचे ऐतिहासिक अस्तित्व उभे राहावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. स्त्रियांनी काम केले. नोंदी दुसऱ्यांच्या नावावर राहिल्या. म्हणून दीडशे वर्षांनी त्यांच्या असण्याचाच पुरावा मागितला जातो.

उत्तरेकडे उर्दूत याच काळात एक वेगळा प्रयोग झाला. बाई वाचनालयापर्यंत जाऊ शकत नाही, तर वाचन टपालाने घरात पोहोचवायचे. १८९८ साली लाहोरहून 'तहजीब-ए-निस्वाँ' हे स्त्रियांचे साप्ताहिक निघाले. त्याच्या संपादिका मुहम्मदी बेगम होत्या. १९०४ साली अलिगढहून शेख अब्दुल्लांचे 'खातून', १९०८ साली दिल्लीहून राशिद-उल-खैरींचे 'इस्मत'. मुंबईच्या फैजी घराण्यातल्या आतिया फैजी १९०६ साली शिक्षणासाठी लंडनला गेल्या. त्यांची रोजनिशी 'तहजीब-ए-निस्वाँ'मधूनच पडद्यातल्या वाचकांपर्यंत पोहोचली. फैजी-तय्यबजी घराण्यांत आणखी एक चांगली चाल होती. घरात 'अखबार'च्या वह्या ठेवलेल्या असत आणि त्यांत घरातले पुरुष लिहीत तशा स्त्रियाही लिहीत. म्हणजे नोंदवही घरातच होती आणि बाईची नोंद बाई स्वतः करीत होती. पण ही सगळी उर्दू जाणणारी, बऱ्यापैकी सुस्थित घरे. मराठीत वाचणाऱ्या, विडी वळणाऱ्या, रोवणीला जाणाऱ्या मुसलमान बाईचे काय, हा प्रश्न तिथे उपस्थित झाला नाही.

त्याचे उत्तर शोधायची खरी सुरुवात एका मराठी राजाने केली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी आधी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण आणले. १९०६ साली ते सर्व संस्थानभर लागू झाले. मग १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. तिथे स्त्रियांसाठी वेगळा विभाग होता, मुलांसाठी वेगळा होता, आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरत होत्या. महाराजांना एक गोष्ट नेमकी कळली होती. मुलीला शाळेत अक्षर शिकवून तिच्यासाठी वाचायची जागा ठेवली नाही, तर ते अक्षर पाच वर्षांत पुसले जाते. पुढे १९३१ साली डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक' हा त्यांतला दुसरा. त्याचे विवेचन करताना त्यांनी स्त्रियांचा प्रश्न मुद्दाम वेगळा घेतला, कारण 'प्रत्येक' या शब्दातून बायका हळूच वगळल्या जातात, हे त्यांना दिसत होते.

एका माणसाची दोन कामे

आता एका अशा माणसाकडे वळू, ज्याचे नाव मराठी मुसलमानांच्या घरात अधिक माहीत असायला हवे होते. आसफ अली असगर फैजी. जन्म १८९९, माथेरानचा. वर उल्लेख केलेल्या त्याच फैजी घराण्यातले. केंब्रिजमध्ये शिकलेले, १९३८ पासून मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य, पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत आणि जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू. निधन १९८१.

१९३९ साली मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने ग्रंथालय विकास समिती नेमली. तिचे अध्यक्षपद फैजींकडे होते. ग्रंथालय क्षेत्रात ती 'फैजी समिती' म्हणूनच ओळखली जाते. तिने पायऱ्यांची योजना दिली. सर्वांत वर मध्यवर्ती ग्रंथालय, खाली विभागीय, मग जिल्हा, मग तालुका, मग मोठे गाव आणि शेवटी खेडे. सरकारने सगळी ग्रंथालये स्वतः उभारण्याऐवजी, लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान द्यावे, हा त्या योजनेचा कणा. मंत्रिमंडळाचा राजीनामा आणि महायुद्ध यांमुळे काम रखडले, ते खेरांच्या दुसऱ्या कारकिर्दीत, १९४७च्या सुमारास, सुरू झाले. आज राज्यात हजारो अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्या पसाऱ्याचा पहिला आराखडा एका मराठी मुलखातल्या मुसलमान विद्वानाच्या हाताखाली तयार झाला.

फैजींचे दुसरे काम कायद्याचे. १९४९ साली मुस्लिम कायद्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या वकील-न्यायाधीश वापरत आले. मेहेर म्हणजे बाईचा हक्क, वारशात तिचा वाटा, लग्नात तिला घालता येणाऱ्या अटी, कोर्टातून तिला मागता येणारी फारकत, हे सगळे त्यात नीट उलगडून सांगितलेले आहे. योगायोग असा की ज्या १९३९ साली ग्रंथालय समिती नेमली गेली, त्याच १९३९ साली मुस्लिम विवाहविच्छेद कायदा संमत झाला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे त्याने पोटगी दिली नसेल, तो क्रूरपणे वागवत असेल, तर बाईला स्वतः कोर्टात जाऊन लग्न मोडून मागता येते, हे त्या कायद्याने सांगितले.

एक काम होते पुस्तक खेड्यापर्यंत न्यायचे. दुसरे होते बाईचा हक्क पुस्तकात मांडायचे. दोन्ही कामांत एकच नाव. पण या दोन कामांची गाठ आमच्या जिल्ह्यातल्या कपाटात कधी पडली नाही. का पडली नाही, हेच आपल्याला समजून घ्यायचे आहे.

भंडाऱ्यापर्यंत काय पोहोचले

पहिले कारण नकाशाचे. फैजी समिती मुंबई प्रांताची. भंडारा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाले. तोवर राज्याच्या एका भागात कोल्हापूरचा १९४५चा ग्रंथालय कायदा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५५चा कायदा, आणि विदर्भाला कायदाच नाही, अशी स्थिती. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. तेव्हा कुठे आमच्यासारख्या गावांतल्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदानाची वाट मोकळी झाली.

दुसरे कारण कायद्याच्या रचनेत आहे, आणि ते अधिक महत्त्वाचे. या कायद्याने ग्रंथालय कर बसवला नाही. सरकारने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान पंचवीस लाख रुपये घालायचे आणि मान्यताप्राप्त संस्थांना वर्गवारीप्रमाणे अनुदान द्यायचे, अशी व्यवस्था केली. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके यांवरून अ, ब, क, ड हे वर्ग ठरू लागले. लोकांच्या उत्साहाला सरकारचा हात, ही कल्पना वाईट नव्हती. पण गावात 'लोक' म्हणजे कोण? ज्यांना संध्याकाळी वेळ होता आणि चारचौघांत बसण्याची मुभा होती, ते. म्हणजे पुरुष. त्यांनी संस्था काढली, त्यांची कार्यकारिणी झाली, त्यांच्या सोयीची वेळ ठरली. कायद्याने जे होते त्याला मान्यता दिली. जे नव्हते त्याची वाट पाहिली नाही.

त्यात वर्गणीची भर. वाचनालयात बसून वाचणे फुकट असे, पण पुस्तक घरी न्यायचे तर अनामत आणि मासिक वर्गणी. रक्कम लहान असली तरी एका घरात दोन कार्डे काढणारा मूर्ख ठरला असता. घराचे कार्ड एक, म्हणजे ते घरच्या कर्त्याचे. अम्मीचे नाव नोंदवहीत नव्हते ते कुणाच्या दुष्टाव्यामुळे नव्हे, हिशेबामुळे. वर्ग ठरवताना सभासद मोजले गेले. कार्डामागे वाचणारी व्यक्ती कोण, हे त्या आकड्यात उतरले नाही. युनेस्कोच्या १९९४च्या जाहीरनाम्याने सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः विनामूल्य असावे आणि त्याचा लाभ वय, लिंग, धर्म असा भेद न करता मिळावा, असे म्हटले. या दोन गोष्टी एकाच जाहीरनाम्यात आहेत त्या उगीच नाहीत. कार्डाला पैसे पडले की घरात कुणाचे कार्ड काढायचे हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर ठरलेले असते.

तिसरे कारण वेळेचे. आमच्या जिल्ह्यात बाईचा दिवस धानाभोवती फिरतो. पावसात रोवणी, दिवाळीच्या पुढे-मागे कापणी, आणि बाराही महिने विडी. तेंदूपत्ता, जर्दा, दोरा घेऊन बाई घरातच बसते. हजार विड्यांचा हिशेब पूर्ण झाला की दिवस संपतो. वाचनालय उघडते सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे नेमके चुलीच्या वेळी. दुपारी दोन ते चार ही तिची थोडीशी सवड, तेव्हा दाराला कुलूप. मोठ्या वर्गाच्या ग्रंथालयांत महिला विभाग असतात, बाल विभाग असतात. परंतु कपाटावर 'महिला विभाग' अशी पाटी लावून त्यात पाककृती, विणकाम आणि व्रतकथा ठेवल्या की काम झाले असे समजले जाई. कायद्याचे, आरोग्याचे, कामगार हक्काचे पुस्तक त्या कपाटात का नाही, हे कुणी विचारले नाही, कारण विचारणारी तिथे येतच नव्हती.

चाचीचा प्रश्न

याची किंमत काय, ते मला एका बाईने शिकवले. आमच्या मोहल्ल्यात एक चाची होत्या, अम्मीच्या वाचनमंडळातल्या. त्यांचा नवरा १९६४च्या सुमारास भिलाईला कामाला गेला तो परत आला नाही. पत्र नाही, मनिऑर्डर नाही. दोन मुली पदरात. चाची विड्या वळत राहिल्या. दुसऱ्या लग्नाची बोलणी दोनदा आली आणि दोनदा मोडली, कारण 'पहिल्याचा तलाक कुठे आहे?' जाणते लोक म्हणत, वाट बघ, सबर कर. त्यांनी सबर केला.

१९७९ साली मी नागपूरला कॉलेजात होतो. ग्रंथालयात सहज फैजींचा ग्रंथ हाती आला आणि विवाहविच्छेद कायद्याचे प्रकरण वाचले. चार वर्षे बेपत्ता. मी तो परिच्छेद वहीत उतरवून घेतला, सुटीत घरी आलो आणि चाचींना मराठीत समजावून सांगितला. त्या विडीचा दोरा गुंडाळत ऐकत होत्या. माझे बोलणे झाल्यावर एवढेच म्हणाल्या, "अब क्या बेटा? तब किसने बताया था?"

कायदा होता चाळीस वर्षांचा. त्यावरचे उत्तम पुस्तक होते तीस वर्षांचे. गावात मान्यताप्राप्त वाचनालय होते. चाचींना वाचता येत होते. साखळीतल्या सगळ्या कड्या होत्या, फक्त जोडलेल्या नव्हत्या. चाचींनी त्या वाचनालयातल्या किमान दोनशे कादंबऱ्या वाचल्या असतील, अब्बांच्या नावावर. पण 'नवरा परत आला नाही तर कायदा काय म्हणतो?' हा प्रश्न मला, एका पोराला, सांगून पुस्तक मागवता येण्यासारखा नव्हता. त्यासाठी त्यांना स्वतः त्या टेबलापाशी जावे लागले असते, कुणाला न सांगता कपाट उघडावे लागले असते. स्वतःच्या नावाच्या कार्डाचा अर्थ हा आहे. आपण काय वाचतो हे घरात कुणाला कळू न देण्याची मुभा त्यात असते. समान माहितीची पहिली अट ही आहे.

आज काय बदलले

काळ बदलला आहे, हे नाकारणे खोटेपणा होईल. २०११च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया होत्या. राज्याचा आकडा ९२९ होता. जिल्ह्यातले साक्षर पुरुष शंभरात नव्वद, साक्षर स्त्रिया शंभरात सत्याहत्तर. माझ्या लहानपणाच्या मानाने ही मोठी मजल आहे. सच्चर समितीने २००६ साली मुसलमानांच्या शैक्षणिक मागासलेपणाचे चित्र देशापुढे ठेवले. आपल्या मुली आता दहावी-बारावीच्या पुढे जातात, अनेक घरांत मुलाआधी मुलगी पदवीधर होते.

परंतु माहितीचा वेगही वाढला आहे. विडी कामगार बाईला घरबसल्या काम करूनही भविष्य निर्वाह निधीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले. विडीवरचा कल्याण उपकर २०१७ साली जीएसटीबरोबर बंद झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६६चा विडी कामगार कायदा इतिहासजमा झाला. तलाकनंतरच्या पोटगीचे कलम १२५ आता नव्या संहितेत कलम १४४ आहे, आणि ते मुस्लिम स्त्रीलाही लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. हे सगळे विडी वळणाऱ्या बाईला कोण सांगणार? ठेकेदार?

मोबाइल सांगेल, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या चौपन्न टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया तेहतीस टक्के, पुरुष सत्तावन्न टक्के. म्हणजे जुन्या कार्डाची गोष्ट नव्या कार्डालाही लागू आहे. सिम कुणाच्या नावावर, आणि काय बघितले हे कोण तपासतो, हा प्रश्न राहतोच.

उपाय फार मोठे नाहीत. वाचनालयाने घराला एक कार्ड न देता व्यक्तीला कार्ड द्यावे, स्त्रियांची अनामत माफ करावी. आठवड्यातून दोन दिवस दुपारी दोन ते चार दार उघडे ठेवावे, आणि त्या वेळी टेबलापाशी बाई असावी. कायदा, आरोग्य, रोजगार आणि सरकारी योजना यांचे एक मराठी कपाट असावे, आणि ज्यांना उर्दू येते त्यांच्यासाठी त्याच्या शेजारी एक उर्दू. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी विडीच्या चटईवर बसून मोठ्याने वाचणारी एक मुलगी असावी. ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. वाचनालयाच्या कार्यकारिणीत किती, हे आपण आपापल्या गावी विचारावे. आणि सगळे सरकारवर ढकलू नये. आपल्या मोहल्ल्यात शादीखाना बांधायला वर्गणी जमते, एका खोलीत दोन कपाटे ठेवायलाही जमेल. हजरत हफ्सांचे नाव त्या खोलीला देण्यापेक्षा तिची किल्ली एखाद्या बाईकडे देणे अधिक उचित होईल.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वाचनालयाने जीर्ण पुस्तके बाद केली, तेव्हा मी त्यातली काही विकत आणली. एका कादंबरीचे शेवटचे पान उघडले. अम्मीचा ठिपका होता. त्याच्या शेजारी एक बारीक फुली, खाली एक अर्धचंद्र, कोपऱ्यात पाच पाकळ्यांचे इवलेसे फूल, आणखी दोन-तीन खुणा. इतक्या बायकांनी ते पुस्तक वाचले होते, आणि प्रत्येकीने स्वतःपुरती नोंद करून ठेवली होती. फूल चाचींचे, हे मला माहीत आहे. बाकीच्या कोण, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. वाचनालयाच्या नोंदवहीत त्या सगळ्या तारखांपुढे पुरुषांची नावे आहेत.

अम्मीच्या नातीचे कार्ड मात्र तिच्या स्वतःच्या नावावर आहे. ते काढताना ग्रंथपालांनी सवयीने विचारले, "वडिलांचं नाव?" ती म्हणाली, "लिहा. पण आधी माझं."